कोहक्याच्या उन्हात रॉक बँडचे फोटो

रॉक बँडला फोटोची आठवण होते ती ऐनवेळी. गाणं रेकॉर्ड होऊन तयार असतं, ते ऑनलाइन टाकायची तारीख ठरलेली असते आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मुखपृष्ठावर लावायला धड एक फोटो नाही. भिलाईतल्या कॉलेजांतून जमलेल्या चार-पाच जणांच्या बँडला स्टुडिओचं भाडं बहुधा परवडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, कोहक्याकडे जाऊ या, तिकडे मोकळी जागा आहे. तुम्ही हातात कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर निघणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नागपूर-गोंदियाकडून अशा कामासाठी इकडे येणाऱ्या मराठी फोटोग्राफरांनी तर तो जरूर वाचावा, कारण इथलं ऊन विदर्भासारखं असलं तरी इथला दिवस थोडा लवकर मावळतो.

सुरुवातीलाच माझं मत सांगते. अवघड हवामान फोटोत दिसलं पाहिजे, ते बँडच्या अंगावर निघता कामा नये. ऊन, धूळ, पाऊस, अंधार या सगळ्यांतून रॉकच्या फोटोला लागणारा खरखरीतपणा मिळतो, आणि तो स्टुडिओत कितीही दिवे लावून येत नाही. पण त्यासाठी माणसांना तासन्‌तास होरपळत ठेवावं लागत नाही. तयारी लांबलचक आणि प्रत्यक्ष फोटो काढणं थोडक्यात, हे जमलं की बाकीचं तंत्र सोपं होतं.

यू-टू या आयरिश बँडचा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम १९८७ सालचा. त्याच्या मुखपृष्ठाचे फोटो डच छायाचित्रकार अँटन कॉर्बाइन यांनी डिसेंबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात आणि डेथ व्हॅलीच्या परिसरात काढले. डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी असते. फोटोत मात्र वाळवंटच वाटायला हवं, म्हणून बँडने अंगावरचे कोट उतरवले आणि तशाच गारठ्यात ते उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यांवरचा जो गंभीर, आवळलेला भाव पुढे त्या बँडची ओळख बनला, त्याचं एक कारण ही थंडी होती, असं बँडनेच नंतर सांगितलं. त्यातून उचलण्यासारखी गोष्ट ही की परिस्थितीने चेहऱ्यावर जे उमटतं ते टिपायचं, टिपलं की लगेच कोट परत अंगावर चढवायचे. कोहक्यात फक्त कोटाच्या जागी सावली येते.

जागा, वेळ आणि परवानगी

भिलाईचं नाव ज्या पोलाद कारखान्याने देशभर नेलं, त्याचा करार १९५५ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आखीव सेक्टर, रुंद रस्ते आणि मोठी झाडं आहेत. कोहका हा त्या आखणीच्या बाहेरचा, सुपेला आणि जुनवानीच्या बाजूचा भाग. जुनं गाव आणि त्याच्याभोवती वाढत गेलेल्या वसाहती इथे एकमेकांत मिसळल्या आहेत. अर्धी बांधलेली घरं, प्लॉट पाडून ठेवलेली रानं, पत्र्याची दुकानं, विजेच्या तारा. सुंदर जागा शोधणाऱ्याला यात काही सापडणार नाही. पण पोलादाच्या शहरात वाढलेल्या मुलांचं संगीत कुठून येतं हे दाखवायचं असेल, तर गिटार घेऊन बागेत उभं राहण्यापेक्षा उघड्या विटांच्या भिंतीपुढे उभं राहणं कितीतरी खरं वाटतं.

छत्तीसगडचे शेतकरी जमिनीचे प्रकार सांगतात ते कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. यातली भाटा म्हणजे लालसर, मुरमाड, फारसं पीक न येणारी माळजमीन. फोटोसाठी ती फार उपयोगाची, कारण पार्श्वभूमीत काही नसतं आणि रंग देखणा असतो. पण या जमिनीवर पडलेलं ऊन लाल होऊन वर उसळतं आणि हनुवटीखाली, नाकाखाली तांबूस झाक आणतं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स इथे दर फोटोला वेगळा रंग देतो. म्हणून पहिल्या फोटोत कुणाच्या तरी हातात ग्रे कार्ड द्या, व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि फाइल रॉमध्येच घ्या. ग्रे कार्ड नसेल तर साधा पांढरा कागदही बऱ्यापैकी काम करतो.

आता वेळेचं. भिलाई साधारण २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वेळी सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. दुसरी गोष्ट रेखांशाची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि भिलाई त्याच्या अगदी जवळ, ८१.४ अंशांच्या आसपास. म्हणून इथे घड्याळातले बारा म्हणजे खरोखरच मध्यान्ह. मुंबईत ती साडेबाराच्या पुढे येते. मुंबई-पुण्याच्या सवयीने ‘संध्याकाळचं सोनेरी ऊन सहाला’ असं धरून चालाल, तर डिसेंबरात कोहक्याला तुम्हाला अंधारच मिळेल, कारण साडेपाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो. याउलट मेच्या शेवटी तो साडेपाचच्या आधीच उगवतो. तेव्हा उन्हाळ्यातलं काम पहाटे पाचला जागेवर हजर राहून साडेसातपर्यंत संपवायचं. बँडच्या मुलांना हे पटवून देणं हेच कधीकधी सगळ्यात अवघड काम असतं. ते रात्रभर जागून येतात आणि फोटोत तसंच दिसतं. म्हणून आदल्या दिवशी रिहर्सल नको, हे आधीच ठरवून घ्या.

जमणार असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. सकाळचं धुकं आणि हवेतला धूर मिळून प्रकाश पसरट होतो, चेहऱ्यावर कडक सावल्या येत नाहीत आणि मागची घरं हळूहळू फिकट होत जातात.

परवानगीच्या बाबतीत ढिलाई करू नका. पोलाद कारखान्याच्या हद्दीत सीआयएसएफचा पहारा असतो आणि परवानगीशिवाय आत कॅमेरा चालत नाही. चिमण्या पार्श्वभूमीला हव्या असतील तर कारखान्याच्या भिंतीजवळ घुटमळू नका, दूरच्या मोकळ्या जागेवरून लांब लेन्सने घ्या. लांब लेन्स मागची गोष्ट जवळ ओढते, त्यामुळे चिमण्या बँडच्या खांद्यामागे उभ्या असल्यासारख्या दिसतात आणि फोटो उलट चांगला होतो. रेल्वेरुळांवर गिटार घेऊन चालणारा बँड ही कल्पना प्रत्येक बँडला एकदा तरी सुचते. तिला ठाम नकार द्या. मुंबई-हावडा हा अतिशय गजबजलेला मार्ग भिलाईतूनच जातो आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हेडफोन लावून, पाठमोरं उभं राहून, कॅमेऱ्याकडे लक्ष देणाऱ्या माणसाला गाडी ऐकू येत नाही.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वर नेताच येत नाही. औद्योगिक शहरात हा नकाशा पाहिल्याशिवाय बॅगेतून ड्रोन बाहेर काढू नये.

आणि ज्याचा प्लॉट, ज्याची भिंत, त्याला विचारा. कोहक्यात ‘भैया, एक घंटा फोटो खिंचना है’ असं हिंदीत सरळ विचारलं तर बहुतेक जण होच म्हणतात. वर खुर्च्या आणून देतात आणि पाणीही विचारतात. न विचारता ड्रमसेट मांडलात तर तोच माणूस तुम्हाला उठवायला येईल, आणि ते त्याचं बरोबरच असेल.

भर उन्हातच काढायचे असतील तर

सगळ्यांना पहाटेची वेळ मिळत नाही. कुणाची परीक्षा असते, कुणाची कारखान्यात पाळी. मग दहा वाजताचं ऊन घ्यावंच लागतं. अशा वेळी पहिला नियम असा, की बँडला उन्हाकडे तोंड करून उभं करायचं नाही. डोळे बारीक होतात, कपाळावर आठ्या येतात आणि चारांपैकी एकाचे डोळे हमखास मिटलेले सापडतात. सूर्य त्यांच्या पाठीमागे घ्या. केसांना, खांद्यांना, गिटारच्या कडेला उजळ रेघ मिळते आणि माणसं पार्श्वभूमीपासून सुटी होतात. आता चेहरे सावलीत गेलेत, तिथे प्रकाश आपण द्यायचा.

कडक उन्हाचं एक्सपोजर आयएसओ १००, शटर १/२०० आणि अ‍ॅपर्चर एफ/११ असं साधारण बसतं. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक १/२०० किंवा १/२५० पर्यंतच असल्यामुळे यापलीकडे फारसं हलता येत नाही. चेहऱ्यावर पडणारा फ्लॅश उन्हापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे एफ/८ इतका ठेवला की तो लावलाय हे कळत नाही. कॅमेऱ्यावर बसणारा साधा स्पीडलाइट सॉफ्टबॉक्सशिवाय, पूर्ण ताकदीवर, चार मीटरपर्यंत एवढं काम करू शकतो. त्याला सॉफ्टबॉक्स लावला की दीड-दोन स्टॉप तिथेच खर्च होतात आणि चार माणसांवर काही उरत नाही. म्हणून भर उन्हात एकच छोटा फ्लॅश असेल तर सॉफ्टबॉक्स घरी ठेवा. रॉकच्या फोटोला उघड्या फ्लॅशचा कडकपणा शोभतोही. हायस्पीड सिंक वापरून एफ/२.८ ला जाता येतं खरं, पण त्यात फ्लॅशची ताकद आणखी घटते आणि बॅटरी पटापट संपते. त्यापेक्षा एनडी फिल्टर लावा.

फ्लॅश नसला तरी अडत नाही. मराठी सिनेमाच्या सेटवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली थर्माकोलची शीट इथे सोनं आहे. चार बाय दोन फुटांच्या दोन पांढऱ्या शीट, दोन मित्र आणि दोन मीटरचं अंतर, इतकं पुरे. चांदीच्या रंगाचा घडीचा रिफ्लेक्टर मात्र उन्हात बँडच्या डोळ्यांवर धरू नका, तो आरशासारखा डोळ्यांत घुसतो. वाऱ्यासाठी लाइट स्टँडला वजन लागतं. जवळच कुठेतरी बांधकाम चालू असतंच, तिथून सिमेंटची रिकामी गोणी आणि थोडी रेती मागून घ्या आणि स्टँडच्या पायावर टाका. मे महिन्यात दहाच्या पुढे जो वारा सुटतो तो छत्री लावलेला फ्लॅश सहज आडवा करतो.

ड्रमसेट उघड्यावर मांडलात तर झांजांकडे नीट पाहा. पितळी झांज सपाट नसते, तिला हलका बाक असतो. त्यामुळे सूर्य कुठेही असला तरी तिच्यावर कुठेतरी एक ठिपका पेटतोच, आणि तो कॅमेऱ्यात पांढरा डाग होऊन येतो. तुम्ही जागा बदलून तो जात नाही, दुसऱ्या झांजेवर उगवतो. त्यासाठी ड्रमरला बसल्या जागी झांजेचा विंग नट सैल करायला सांगा आणि झांज बोटभर पुढे-मागे कलवत न्यायला सांगा. तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून पाहत राहा. तो पांढरा ठिपका झांजेच्या कडेकडे सरकत जातो, कडेवर एक क्षण रेघ होतो आणि निघून जातो. तिथे नट घट्ट करा. तीन झांजांना मिळून पाच मिनिटं लागतात. कधी तो ठिपका मुद्दाम ठेवावासाही वाटतो. ठेवायचा असेल तर ड्रमरच्या चेहऱ्यापासून दूर, कडेवर ठेवा.

काळे टी-शर्ट ही मेटल बँडची वर्दीच. चार काळे टी-शर्ट आणि काळी गिटार फ्रेममध्ये आली की कॅमेऱ्याचा मीटर समजतो अंधार आहे आणि चेहरे पांढरेफटक करून टाकतो. मॅन्युअलवर जा, एक्सपोजर चेहऱ्यावरून ठरवा, काळं काळंच राहू द्या. चौघांना ओळीत, खांद्याला खांदा लावून उभं केलं तर शाळेच्या वर्गाचा फोटो तयार होतो. एकाला पुढे आणा, एकाला अ‍ॅम्पवर बसवा, एकजण पाठमोरा चालला तरी चालेल. मात्र माणसं पुढे-मागे उभी राहिली की एफ/५.६ किंवा एफ/८ शिवाय सगळे फोकसमध्ये येत नाहीत. लेन्स ३५ मिलिमीटरची घ्या. २४ ची घेतलीत तर कडेला उभा असलेला बेसिस्ट विनाकारण रुंद दिसतो, आणि तो तुम्हाला ते कधीच विसरू देणार नाही.

माणसं आणि वाद्यं

छत्तीसगडमध्ये उन्हाळ्यात शेतावर जाणारी माणसं सकाळी बोरे बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, सोबत कांदा, मिरची, चटणी. राज्य सरकारने २०२२ मध्ये १ मे हा दिवस बोरे बासीचा म्हणून साजरा करायला सुरुवात केली. पहाटेच्या शूटला निघताना बिस्किटांचे पुडे नेण्यापेक्षा हे किंवा दहीभात पोटात घालून निघावं. जागेवर माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं हवीतच. वीस मिनिटं फोटो, दहा मिनिटं सावली, हा क्रम मोडू नका, मग प्रकाश कितीही छान असो. लेदर जॅकेट फक्त फ्रेम लागल्यावर चढवायचं आणि क्लिक झालं की उतरवायचं. कुणाचा घाम अचानक थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, १०८ ला फोन करा. शूट तिथेच संपलं.

गाडीत गिटार ठेवू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने लाकडाचे सांधे धरणारा ग्लू मऊ होतो आणि मान वाकते. केसमध्ये घालून सावलीत ठेवा, प्रत्येक वेळी पुसून परत ठेवा. घामाने तारांना एका दिवसात गंज धरतो, तेव्हा नव्या तारा शूटच्या आदल्या दिवशी नव्हे, नंतर लावा. कुणाकडे दुसरी, जुनी गिटार असेल तर धुळीत ती चालवा. फोटोत किंमत दिसत नाही.

कॅमेराही माणसासारखाच थकतो. बहुतेक कंपन्या त्यांच्या कॅमेऱ्यांसाठी ४० अंशांपर्यंतचं तापमान सांगतात, आणि भिलाईत मे महिन्यात पारा त्याच्या पुढे सहज जातो. काळी बॉडी उन्हात त्याहून तापते. दोन फोटोंच्या मधल्या वेळात त्यावर पांढरा सुती रुमाल टाका. भाट्यावर लेन्स बदलू नका. दोन बॉडी असतील तर दोन लेन्स लावूनच या, एकच असेल तर एका लेन्सवर दिवस काढा. काचेवर धूळ बसली तर फुंकर मारून शर्टाने पुसायची सवय मोडा, मुरमाच्या कणांनी काच ओरखडते. आधी ब्लोअर, मग ब्रश, अगदी शेवटी कापड.

बँडला पोझ द्यायला सांगू नका, गाणं वाजवायला सांगा. वीज नसली तरी चालतं. मोबाइलला ब्लूटूथ स्पीकर जोडून त्यांचंच गाणं लावा आणि त्याच्यावर त्यांना वाजवू द्या. अँप बंद असलेल्या गिटारवरही बोटं खरी पडतात, ड्रमरचा हात खरा उचलला जातो, गाणाऱ्याच्या गळ्याची शीर खरी ताणली जाते. हात हवेत गोठवायचा तर शटर १/५०० हवा. काठ्यांचा फराटा हवा असेल तर १/६० ला या, शरीर स्थिर राहील आणि हात वाहताना दिसेल. खरोखरच अँप लावून वाजवायचं ठरलं तर वीज कुठून येणार याचा विचार आधी करा. पिंक फ्लॉइडने ऑक्टोबर १९७१ मध्ये पाँपेईच्या प्राचीन रंगमंडपात प्रेक्षकांशिवाय चित्रीकरण केलं, तेव्हा तिथली वीज पुरेना आणि गावातून लांब केबल ओढून आणावी लागली. त्यात त्यांचा बराच वेळ गेला. छोट्या बँडने अशा भानगडीत पडू नये. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही, आणि छत्तीसगडमध्ये मध्य प्रदेशच्या काळातला १९८५ चा कोलाहल नियंत्रण कायदाही लागू आहे. पहाटेच्या शूटला मोठा आवाज म्हणूनच नको.

पाऊस

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इथे पाऊस येतो आणि फोटोग्राफरच्या दृष्टीने कोहका एका रात्रीत बदलतो. डांबर चमकतं, विटा गडद होतात, आभाळ खाली येतं. पावसात काढलेला बँडचा फोटो हा प्रत्येकाला हवा असतो. पण पाऊस फोटोत आपोआप दिसत नाही. थेंब दिसायला त्यांच्यामागून प्रकाश आणि मागे गडद पार्श्वभूमी लागते. एक फ्लॅश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बँडच्या मागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवा, गाणाऱ्याच्या शरीराने तो झाका. प्रत्येक थेंब पांढरा होऊन हवेत थांबतो. सगळे दिवे बॅटरीवरचेच हवेत. पावसात जनरेटर आणि ओल्या केबल अजिबात नकोत, आणि गिटार कशालाच जोडलेली नसावी.

एसी गाडीतून कॅमेरा काढून थेट पावसाळी हवेत आणलात की लेन्सवर बाष्प धरतं. पुसलं की परत धरतं, कारण काच अजून थंड असते. पुसत बसू नका. निघण्यापूर्वीच कॅमेरा झिपवाल्या पिशवीत हवा काढून बंद करा, जागेवर पोचल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल, आतली काच हळूहळू हवेएवढी कोमट होईल. सोबत सिलिका जेल टाका.

विजेचा कडकडाट ऐकू आला की सगळं सोडून गाडीत बसा. छत्तीसगडच्या उघड्या शेतांत दर पावसाळ्यात वीज पडून माणसं दगावतात, आणि मोकळ्या माळावर झांजांचे उंच लोखंडी स्टँड घेऊन उभं राहणं म्हणजे तिला बोलावणंच. झाडाखाली जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

रात्रीच्या फोटोंविषयी थोडंच सांगते. रस्त्यावरचे दिवे आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर १/१०० किंवा १/५० सोडून भलताच ठेवला की फोटोत आडवे पट्टे येतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. आयएसओ ३२०० ची दाणेदार खरखर रॉकला शोभते, तिला घाबरून नॉइज रिडक्शनने चेहरे मेणासारखे करू नका. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टेजवरचे फोटो काढायची वेळ आली तर लाल एलईडीपासून जपा. लाल रंग आधी फुटतो, म्हणून एक स्टॉप कमी घ्या. कानात इअरप्लग घाला, स्पीकरपुढे उभं राहून काम करणाऱ्याला ते कॅमेऱ्याइतकेच गरजेचे.

निवड आणि हक्क

जागा सोडण्यापूर्वी कार्डाची दुसरी प्रत करा. घरी आल्यावर त्याच रात्री निवड करू नका, दोन दिवस जाऊ द्या. थकलेला डोळा फक्त फोकस पाहतो. पेनी स्मिथ यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या पॅलेडियममध्ये द क्लॅशच्या पॉल सिमोननचा, बेस गिटार स्टेजवर आपटतानाचा फोटो काढला. तो त्यांना फोकसबाहेरचा वाटला, अल्बमवर वापरू नये असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही तो ‘लंडन कॉलिंग’च्या मुखपृष्ठावर गेला आणि आज रॉकच्या सगळ्यात ओळखीच्या फोटोंपैकी एक समजला जातो. तेव्हा अस्पष्ट म्हणून बाजूला टाकलेल्या फोटोंमधून एकदा बँडसोबत बसून पुन्हा फिरा. वाजवणाऱ्याला त्याच्या हातातला नेमका क्षण तुमच्यापेक्षा लवकर ओळखता येतो.

मुखपृष्ठासाठी चौकोनी कापता येईल असा एक तरी फोटो असू द्या, वर नाव टाकायला मोकळं आभाळ असलेला. पोस्टरसाठी उभा, बातमीसाठी आडवा. हे शूटच्या वेळीच कागदावर लिहून घ्या, नंतर कापाकापी करून ते साधत नाही.

शेवटी पैसे आणि हक्क. मैत्रीत हे बोलायचं राहून जातं आणि गाणं चाललं की वाद होतात. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे बँडने तुम्हाला पाच हजार दिले आणि काहीच लिहिलं नाही, तर तो फोटो तुमच्या प्रदर्शनात लावायलाही त्यांची परवानगी लागू शकते. म्हणून शूटच्या आधी एका पानावर साध्या भाषेत चार ओळी लिहा: बँड फोटो कुठे वापरणार, तुम्ही कुठे वापरणार, नाव कसं छापायचं, टी-शर्टवर छापले तर वेगळे पैसे किती. दोघांच्या सह्या करा, मोबाइलवर त्याचा फोटो काढून दोघांकडे ठेवा. ज्याच्या प्लॉटवर काम केलं त्यालाही एक प्रिंट पाठवा. पुढच्या बँडला घेऊन तुम्हाला तिथेच परत जायचं असतं.